पोटखराब्यातलं हरितद्रव्य

फुलांचा हंगाम सरल्यावर कासला कुणी फिरकत नाही. मी भर उन्हाळ्यात गेले, कारण वनस्पतिशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी म्हणाली होती, "वाळलेलं पान पुन्हा अन्न करायला लागतं, ते बघायला याच."

साताऱ्याच्या वर साधारण १२०० मीटरवरचा हा सडा. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात पाणी हटत नाही, उन्हाळ्यात कातळावर पाय ठेववत नाही. कपारीतल्या नेच्याची पानं आवळलेल्या मुठीसारखी झाली होती. हिरवी बाजू आत, पांढऱ्या भुकटीची बाजू उन्हाला.

"पाणी नसताना हरितद्रव्यानं ऊन घेतलं की तीच ऊर्जा पेशी जाळते, ताई. म्हणून पान पाठ फिरवतं."

परवानगीनं घेतलेली मोजकी पानं खोलीवर आणून ओल्या टिपकागदावर ठेवली. तपासायचं पान आधी वीसेक मिनिटं अंधारात ठेवायचं, मग प्रकाशाचा झोत टाकून हरितद्रव्य त्यातलं किती परत फेकतं त्यावरून पान किती प्रकाश कामी लावू शकतं ते यंत्रावर बघायचं. "निरोगी पान ०.८३ च्या आसपास येतं. वडाचं घ्या, आंब्याचं घ्या." आमचं पान शून्याला टेकलेलं. खोलीभर कुबट, किंचित गोडसर वास. ती मात्र रात्रीही उठून आकडे लिहीत होती. सकाळी पान उलगडलं होतं आणि आकडा ०.७ च्या पुढे गेला होता. ०.८३ आता लांब नव्हतं.

हे नवं पान नव्हे, तेच. वाळण्याआधी पेशींत साखर साठते, ती पेशींची पटलं सावरून धरते आणि हरितद्रव्य जागच्या जागी टिकतं. शेजारच्या निवडुंगाची तऱ्हा वेगळी: तो पाणी साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून रात्री हवा घेतो. नेचा साठवत नाही, थांबतो.

सह्याद्रीत अशा वाळून परतणाऱ्या नऊच जाती ठाऊक होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी ६२ नोंदवल्या. बासष्ट! आणि त्यातल्या कित्येक अशा उघड्या कातळांवरच्या. कासला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, पण कोकणातले, घाटमाथ्यावरचे कितीतरी सडे सातबाऱ्यावर पोटखराबाच आहेत. तिथं जांभ्याच्या खाणी होतात, प्लॉट पडतात, आणि काही मेलं असं कुणाला वाटतही नाही.

तुमच्या गावचा सडा विकायला निघाला, तर सही करण्याआधी एकदा पहिल्या पावसानंतर तिथं जाऊन या.