जुनी मोटार घेतांना

आमच्या शेजारीं राहणारे काका महाविद्यालयांतून निवृत्त झाले त्याला आतां आठ वर्षें झालीं. गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं ते आमच्याकडे आले, आणि पुढें ठेवलेला चहा निवत असतां म्हणाले, "अहो, आम्हांला एक मोटार पाहून द्या. जुनीच पाहा. नव्या गाडीचा हप्ता फेडण्याइतका धीर आतां आमच्यांत नाहीं."

प्रश्न हौसेचा नव्हता. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली आहे. घरच्या बुटक्या मोटारींत बसतांना त्यांना खड्ड्यांत उतरल्यासारखें होई आणि उठतांना दोघांनीं हात द्यावा लागे. चिपळूणच्या वडिलोपार्जित घराचा लोभ तर सुटत नाहीं. वर्षांतून पांच-सहा खेपा ठरलेल्या. तेव्हां आसन उंच, कुंभार्लीच्या घाटांत दम न लागणारी, आणि तरीहि पेठेंतल्या बोळांत वळूं शकेल अशी गाडी हवी होती. हातीं रक्कम सहा लाख, आणि ती मुदतठेव मोडून काढलेली. ती एकदां चुकीच्या गाडींत गेली तर पुन्हां उभी राहणार नाहीं, हें काकांना ठाऊक होतें व आम्हांलाहि.

अशा गाडीला हल्लीं कॉम्पॅक्ट एस्. यू. व्ही. म्हणतात. या जातीचा जन्म आपल्या देशांत बराचसा करपद्धतींतून झाला. २००६ सालच्या अर्थसंकल्पांत लहान मोटारींना अबकारी करांत सवलत मिळाली, आणि 'लहान' म्हणजे लांबी चार मीटरांच्या आंत, पेट्रोलचें इंजिन १२०० घन सेंटिमीटरांपर्यंत व डिझेलचें १५०० पर्यंत, अशी व्याख्या ठरली. त्यावर कारखानदारांनीं उंच गाड्यांची शेपटी कापून त्या चार मीटरांत बसविल्या. मारुतीची विटारा ब्रेझा ही मार्च २०१६ मध्यें आली. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे सवलतीच्या रेषेच्या पांच मिलिमीटर अलीकडे! टाटांची नेक्सॉन तिच्या पाठोपाठ २०१७ सालीं आली.

आम्हीं डिझेलच्या ब्रेझावर दृष्टि ठेवली. तिचें १२४८ घन सेंटिमीटरांचें इंजिन मूळ फियाटच्या घराण्यांतलें. तेंच स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा या गाड्यांतहि वर्षानुवर्षें बसत आलें, म्हणून त्याचे सुटे भाग व त्याची नस ओळखणारे कारागीर गांवोगांवीं सांपडतात. कमी फेऱ्यांवर तें अंमळ आळशी वाटतें, हें खरें. घाटांत गिअर वेळेवर उतरवावा लागतो. २०२० सालीं भारत स्टेज ६ चे नियम आले तेव्हां मारुतीनें डिझेलच सोडून दिलें. त्यामुळें जुन्या डिझेल ब्रेझाला धूर गाळणारी ती चाळणी नाहीं, जी नंतरच्या डिझेल गाड्यांत केवळ शहरांतल्या लहान फेऱ्यांनीं तुंबते आणि मालकाला हैराण करते. काकांच्या रोजच्या मंडईच्या फेऱ्या पाहतां ही गोष्ट आमच्या दृष्टीनें महत्त्वाची होती. ग्लोबल एन्कॅपच्या टक्कर-परीक्षेंत २०१८ सालीं तिला पांचांपैकीं चार तारे मिळाले. त्याच वर्षाअखेर नेक्सॉननें पांच मिळविले, हेंहि सांगितलें पाहिजे.

पहिली गाडी आम्हीं एका दलालाकडे पाहिली. २०१८ ची, पांढरी, आणि अशी लखलखीत कीं आंत बसण्यापूर्वीं पाय पुसावे. घड्याळांत ४२,००० किलोमीटर. किंमत ६,८५,०००, "तुमच्यासाठीं ६,५०,०००." पाटीवर एम्. एच्. ०८ पाहून काका एकदम सैलावले. "आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची आहे हो!" हें ते दलालासमोरच बोलले, आणि आम्हीं मनांत कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाचा जिव्हाळा ज्याला कळला त्यानें सौदा निम्मा जिंकला.

किलोमीटरांच्या आंकड्यावर आमचा विश्वास सर्वांत कमी. हल्लींचीं घड्याळें विजेवर चालतात, आणि योग्य यंत्र जोडलें कीं पाहिजे तो आंकडा तेथें बसवितां येतो. ज्यांना पढवितां येत नाहीं असे साक्षीदार गाडींत पुष्कळ असतात. ते एकेक करून बोलवावे. ब्रेकच्या पायपट्टीचें रबर गुळगुळीत झालें आहे काय? प्रत्येक टायरच्या कडेवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. कांचांवरहि वर्षाची खूण असते. पांच कांचा २०१८ च्या आणि एक २०२२ ची निघाली तर ती कां बदलली हें विचारावें. बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असला तर पाना तेथें फिरलेला आहे. या गाडीच्या कांचा एका वयाच्या होत्या, बोल्ट शाबूत होते, टक्कर झालेली नव्हती. आम्ही जवळजवळ समाधान पावलों होतों.

तेवढ्यांत काकू मागच्या आसनावर जाऊन बसल्या. दार ओढून घेतलें, आणि क्षणभरानें पुन्हां उघडलें.

"अहो, हा आपल्या माजघरांतला वास आहे," त्या काकांना म्हणाल्या.

२२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें तेव्हां त्यांच्या घराचा तळमजला बुडाला होता. पुढें दोन महिने त्या उभयतांनीं चिखल उपसला, भिंती धुतल्या, फडताळें उन्हांत ठेवलीं. तो कुजट गाळाचा वास ज्याच्या नाकांत एकदां बसला त्याला तो अत्तराच्या बाटलीमागूनहि ओळखूं येतो. गाडींत अत्तराची बाटली होतीच.

मग आम्हीं तें केलें जें आधींच करावयास पाहिजे होतें. आसनाचा पट्टा सरकवीत सरकवीत थेट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याचा जो भाग एरवीं गुंडाळीबाहेर येत नाहीं त्यावर पिवळट गढूळ रेघ होती. आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, आणि मागें जादा चाकाच्या खळग्याच्या कोपऱ्यांत, जेथें धुणाराचें फडकें पोंचत नाहीं, तेथें वाळलेला बारीक गाळ. परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदवहींत मालकांचा क्रम पाहिला तो दुसरा मालक २०२१ च्या अखेरीस लागलेला. पुरांत बुडालेली गाडी विमा कंपनी पुष्कळदां पूर्ण हानि म्हणून निकालांत काढते. तिचा सांगाडा स्वस्तांत विकला जातो, कोणी तो उजळतो, आणि ती पुन्हां बाजारांत उभी राहते. या गाडीचें नेमकें असेंच झालें असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. दलालानें हात वर केले. आपल्यालाहि कांहीं ठाऊक नाहीं, असें तो म्हणाला, आणि तें खरेंहि असेल.

बुडालेली गाडी चालते, हीच तर अडचण आहे. इंजिन साफ करतां येतें, गादी बदलतां येते. परंतु तारांच्या सांध्यांत शिरलेलें पाणी हिरवा गंज धरून सावकाश आपलें काम करीत राहतें, आणि एअरबॅग उघडण्याचा हुकूम देणारी पेटी बहुधा मधल्या कप्प्याखालीं, जमिनीलगत असते. कुंभार्लीच्या वळणावर ती पेटी काय करील हें गाडीची चकाकी सांगत नाहीं. परतीच्या वाटेवर काका अगदीं गप्प होते. घरच्या पुराची आठवण आली कीं फसवणुकीची, हें आम्हीं विचारलें नाहीं.

दुसरी गाडी कोथरुडांतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची. तीहि २०१८ ची, पण ८८,००० किलोमीटर चाललेली, उजव्या दारावर लांब ओरखडा, आणि मागचा बंपर थोडा चेपलेला. पाहतांक्षणीं काकांचें तोंड उतरलें. गृहस्थांनीं मात्र टेबलावर एक जाड फाईल ठेवली. तींत पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या तारीखवार होत्या. प्रत्येक पावतीवर त्या दिवशींचा किलोमीटरांचा आंकडा, आणि तो कोठेंहि मागें गेलेला नव्हता. ७१,००० ला क्लच बदललेला. दर वर्षीं तेल.

आम्ही आदल्या रात्रींच त्यांना विनंति केली होती कीं सकाळीं आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नये. बॉनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री केली, मगच चावी फिरविली. तापलेलें इंजिन पुष्कळ दोष लपवितें. थंड इंजिन खोटें बोलत नाहीं. निळा धूर म्हणजे तेल जळतें, पांढरा दाट धूर टिकून राहिला तर पाणी आंत जातें. येथें हलका काळपट फुत्कार आला व गेला. नंतर ओळखीच्या कारागिराकडे ती उचलून खालून पाहिली. त्याची मजुरी ८०० रुपये झाली, आणि सगळ्या व्यवहारांत इतका सत्कारणीं लागलेला पैसा दुसरा नाहीं. टायर संपत आले होते, बॅटरी चार वर्षांची. पट्टे अर्थात् शेवटपर्यंत ओढून पाहिले. स्वच्छ.

मग मोलाची गोष्ट. विमा कंपन्यांच्या तक्त्यांत चार ते पांच वर्षांच्या मोटारीची घट ५० टक्के धरतात, आणि पुढें परस्पर संमतीनें. बाजार मात्र ब्रेझासारख्या मागणीच्या गाडीला त्याहून उदार असतो. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जी. एस्. टी. २८ टक्के आणि वर उपकर यांऐवजीं १८ टक्क्यांवर आला. (हल्लींची पेट्रोल ब्रेझा लांबीनें लहान असूनहि १४६२ घन सेंटिमीटरांच्या इंजिनामुळें या सवलतींत बसत नाहीं, हा व्याख्येचा एक विनोद.) नव्या लहान गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्यांनीं खालीं यावें हें ओघानेंच आलें, दलालांचे आंकडे तेवढे उतरण्यास नाखूष दिसले. शिवाय दलालाला आपल्या नफ्यावर १८ टक्के कर द्यावा लागतो, घरगुती विक्रींत तो प्रश्नच नाहीं. गृहस्थांनीं ६,२५,००० सांगितले होते. आम्हीं टायर-बॅटरीचे ३५,००० कागदावर मांडून दाखविले. त्यांनीं घासाघीस केली नाहीं, ५,९०,००० म्हटलें आणि थांबले. काकांनीं ओरखड्याचे आणखी पांच हजार मागावे असें आम्हांला वाटत होतें. त्यांनीं मागितले नाहींत.

कागदांच्या बाबतींत मात्र विकणारेच आमच्यापेक्षां कडक निघाले. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या. कर्ज फिटल्याचें बँकेचें पत्र व नमुना ३५ जोडला. नांव बदलेपर्यंत नोंदणींतला मालकच अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें आहे. गाडी विकून निश्चिंत झालेल्या माणसावर असा प्रसंग येऊं शकतो, म्हणून त्यांनीं कचेरींत स्वतः येण्याचा हट्ट धरला. विमा चौदा दिवसांत नव्या नांवावर करून घ्यावयाचा असतो. त्यांची नो-क्लेम सवलत त्यांच्याबरोबरच गेली, कारण ती माणसाची असते, मोटारीची नव्हे. त्यामुळें काकांना हप्ता थोडा अधिक पडला, हें आम्हीं आधीं हिशेबांत धरलें नव्हतें.

गाडी घरीं आली त्या संध्याकाळीं काकू दाराशीं उभ्या राहिल्या. आसन त्यांच्या कमरेच्या उंचीला येत होतें. त्या पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, आणि दोन्ही पाय आपणच आंत घेतले. काकांनीं पुढें केलेला हात तसाच राहिला. मग ते ती जाड फाईल घेऊन दिव्याखालीं बसले आणि शेवटच्या पावतीमागें एक कोरा कागद लावून त्यावर तारीख घातली.