आधी कागद, मग ब्रेक, रंग शेवटी

आपल्याकडे कितीतरी घरांच्या पडवीत, जिन्याखाली किंवा गोठ्याच्या कडेला एक जुनी मोटारसायकल उभी असते. वडिलांनी, चाचांनी किंवा नानांनी ती कधीकाळी हौसेने घेतलेली असते. आता तिच्यावर गोणपाट पडलेले असते, सीटमध्ये उंदरांनी घर केलेले असते आणि टायर जमिनीला चिकटलेले असतात. भंगारवाला दर सहा महिन्यांनी विचारून जातो. घरात कुणी त्याला हो म्हणत नाही, आणि गाडीला कुणी हातही लावत नाही.

अशी गाडी घरच्या घरी पुन्हा चालू करता येते. आमच्या घरी अब्बांची १९८३ सालची येझडी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रस्त्यावर आली. या कामात हौसेपेक्षा क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, कारण रंग दिसतो. मग पैसे संपतात आणि चकचकीत गाडी पुन्हा गोणपाटाखाली जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कच्च्या ब्रेकवर रस्त्यावर येते. म्हणून आधी हक्क आणि कागद, मग ब्रेक, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी.

म्हैसूरची गाडी

आधी या गाडीची थोडी ओळख. रुस्तम आणि फरोख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने तिथे मोटारसायकली बनू लागल्या. १९७३ पासून त्याच गाड्या येझडी या नावाने येऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २०२२ मध्ये येझडी हे नाव बाजारात परत आले, पण त्या गाड्यांचे इंजिन वेगळे, फोर स्ट्रोक आहे. त्यांचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत.

जुनी येझडी २५० सीसीची, टू स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की तोच खाली येऊन गिअर होतो. आजच्या मुलांना हे दाखवले की अर्धा तास तेच करत बसतात.

गाडी कुणाची?

वडील वारले की त्यांची गाडी आपोआप मोठ्या मुलाची होते, असे आपण धरून चालतो. तसे नाही. सुई-दोऱ्यापासून शेतापर्यंत मयताचे जे जे असते, ते सगळे तरक्यात येते. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत यांच्यानंतर जे उरते, त्यात सगळ्या वारसांचा हिस्सा असतो. मोटारसायकल त्याला अपवाद नाही.

आमच्याकडे वारस चार: अम्मी, मी आणि माझ्या दोन बहिणी. अब्बांवर कर्ज नव्हते, वसियत नव्हती, दादा-दादी आधीच वारलेले. भंगारवाल्याने गाडीचे ८,००० रुपये सांगितले होते. तीच किंमत धरून आम्ही हिशेब मांडला. अम्मींचा आठवा हिस्सा १,००० रुपये. उरलेल्या ७,००० मध्ये मुलाचे दोन वाटे आणि मुलीचा एक, म्हणजे मला ३,५०० आणि प्रत्येक बहिणीला १,७५०.

रक्कम लहान आहे. "बहिणी काय मागणार आहेत?" असे मला बऱ्याच जणांनी म्हटले. मागणार नाहीत, हे खरेच. पण त्यांनी न मागणे आणि आपण न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या आपाने पैसे घेतले आणि त्यातून माझ्याच मुलांना पान्यांचा संच आणून दिला. धाकटीने हिस्सा आनंदाने सोडला, पण एक अट घातली: अब्बांच्या गाडीचा काळा रंग बदलायचा नाही. अम्मींनी त्यांचे हजार रुपये बटव्यात ठेवले, आणि ते बरोबरच केले. गाडीच्या निमित्ताने जमिनीच्या हिश्शाबद्दलही मोकळेपणी बोलणे झाले, जे इतकी वर्षे कुणी काढत नव्हते.

कागदाशिवाय पाना उचलू नका

वारसांची संमती झाली की ती कागदावर आणावी, कारण परिवहन कार्यालयातही तीच लागते. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी पुस्तक आणि इतर वारसांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. हे काम मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करायचे असते. उशीर झाला असेल तर विलंब शुल्क भरण्याची तयारी ठेवावी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष तपासून घेऊन ती ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. शुल्क बदलत असते, म्हणून चालू दर कार्यालयातच विचारावा. जुन्या हाताने लिहिलेल्या आरसी पुस्तकाची नोंद संगणकात नसेल तर ती आधी करून घ्यावी लागते. नूतनीकरणाची तपासणी गाडी तयार झाल्यावरच होणार, पण नोंद सापडते की नाही, चासी आणि इंजिनवरचे नंबर पुस्तकाशी जुळतात की नाही, हे पहिल्याच आठवड्यात पाहावे. बाहेरून जुनी गाडी विकत घेणार असाल तर हे दुप्पट काळजीने पाहा. कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

काही जण विचारतात, "व्हिंटेजमध्ये घालता येईल का?" २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली गाडीच व्हिंटेज धरली जाते. नव्याने नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. घरच्या वापराला साधे नूतनीकरणच बरे.

उघडताना

गाडी उघडणे सोपे, जोडणे अवघड. म्हणून आमच्या घरात तीन नियम होते. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. काढलेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, आणि डब्यावर चिठ्ठी. आणि जोर लावायचा नाही. गंजलेल्या बोल्टवर डिझेलचे थेंब सोडून रात्रभर थांबायचे. न थांबता जोर लावला की बोल्टचे डोके तुटते आणि मग लेथवाल्याकडे जावे लागते.

चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्या आठवीतल्या मुलीने घेतले. तिने वहीत दोन रकाने आखले: काय काढले, कुठून काढले. जोडताना त्या वहीचा जितका उपयोग झाला तितका कशाचाच झाला नाही. मुलींना चिठ्ठ्या आणि मुलांना पाने अशी वाटणी मात्र होऊ देऊ नये. दुसऱ्या आठवड्यापासून पाना तिच्याही हातात होता.

धावण्याआधी थांबणे

येझडीला ड्रम ब्रेक असतात. चाकाच्या आत दोन अर्धगोल शूज, त्यांवर लायनर. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की लायनर वाळतो, शूजपासून सुटतो, आणि ब्रेकची केबल आतून गंजते. बाहेरून काहीच दिसत नाही. दोन्ही चाकांचे शूज, केबल आणि स्प्रिंग नवीन घालावेत. एवढ्या खर्चात काटकसर करू नये. ड्रममधली काळी धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. मुलांना त्या वेळी लांब ठेवावे.

टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असे समजू नये. रबर वयानेही कडक होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. तारीख जुनी असेल, भेगा दिसत असतील, तर टायर बदलावाच.

टाकी, इंजिन आणि टक्केवारी

टाकीतले जुने पेट्रोल उघड्यावर काढावे, जवळपास चूल, विडी, बटणाची ठिणगी काही नको. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि ती भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. म्हणून टाकीला वेल्डिंग करायचे असेल तर ते टाकीचेच काम करणाऱ्या कारागिराकडे द्यावे. आतला गंज काढायला साधा सिरका चालतो. टाकीत मूठभर नट टाकून सिरका भरायचा, दिवस-दोन दिवस अधूनमधून हलवायचे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायचे आणि आतून तेल फिरवायचे. सिरका किती लागेल ते टाकीवरून मोजा आणि स्वयंपाकघरातला वापरू नका. आमच्या अम्मींची ही सक्त ताकीद होती.

आमच्या येझडीच्या टू स्ट्रोक इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नाही. पेट्रोलमध्येच टू टी तेल मिसळावे लागते आणि त्याच मिश्रणातून पिस्टनला वंगण मिळते. तेल विसरले तर काही मैलांत पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. आमच्या उस्तादांनी १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल सांगितले. मी मुलांना विचारले, हे किती टक्के? प्रमाण किती? ३ लिटरला किती? दहावीतला माझा मुलगा, जो टक्केवारीच्या पानावर नेहमी अडतो, त्याने चार टक्के, पंचवीसला एक आणि १२० मिलिलिटर ही तिन्ही उत्तरे तोंडी दिली. वर्गात शिकवताना मी आता हेच उदाहरण देतो. गणित तेच असते, पण चुकले तर पिस्टन जाईल हे माहीत असले की मूल लक्ष देऊन करते.

इंजिनाच्या पोटात मात्र आम्ही हात घातला नाही. क्रँकचे रबरी ऑइल सील वर्षानुवर्षे पडून कडक होतात, तिथून हवा शिरते आणि गाडी सुरू झाली तरी नीट चालत नाही. सिलिंडर घासलेला असेल तर लेथवर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. हे काम अनुभवी माणसाचे. आमच्या गावातल्या साठीच्या उस्तादांना आम्ही इंजिन दिले, पण एक विनंती केली: काम मुलांसमोर करा. उस्तादांनी होकार दिला. त्यांनी पॉइंटमधले ०.४ मिलिमीटरचे अंतर आधी डोळ्याने लावले आणि मग पट्टीने मोजून दाखवले. पट्टी बरोबर बसली.

हे उस्ताद चौथीपर्यंत शिकलेले. आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेजमध्ये काम करतात आणि आपणच म्हणतो, "शिकला नाही, म्हणून मिस्त्री झाला." त्या दिवसांनंतर आमच्या घरात हे वाक्य बंद झाले. मुलांनी शिकावेच, आयटीआय आणि पदविकेपर्यंत जावे. पण हाताचे ज्ञान हेही ज्ञानच आहे, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

रंग आणि खर्च

ब्रेक लागतात, इंजिन चालते, दिवे आणि हॉर्न वाजतात, एवढे झाल्यावरच रंगाकडे वळावे. रंग मूळचाच ठेवला तर आरसीवरची नोंदही बदलावी लागत नाही. धाकट्या बहिणीची अट अशी कामाला आली.

आमचा एकूण खर्च ४०,००० रुपयांच्या आसपास गेला, तोही सहा-सात महिन्यांत, पगारातून थोडा थोडा. एवढ्या पैशांत वापरलेली चांगली मोटारसायकल आली असती, हे आधीच मान्य करून कामाला लागावे. कर्ज काढून, किंवा मुलांची फी मागे ठेवून ही हौस केली तर तो इसराफच. खर्च महिन्याच्या मर्यादेत बसत नसेल तर काम थांबवावे. इतकी वर्षे उभी असलेली गाडी आणखी दोन महिने उभी राहील.

किल्ली कुणाच्या हातात

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. ज्या मुलाने सहा महिने हात काळे केले, तो गाडी सुरू झाल्याबरोबर म्हणणार, "अब्बू, एक चक्कर." तो पंधरा-सोळा वर्षांचा आहे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. अल्पवयीन मुलाने चालवताना गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. आणि दंडापेक्षा मोठे नुकसान काय असते, ते आपण सगळे जाणतो.

आम्ही हे काम सुरू करण्याच्या दिवशीच ठरवून सांगितले होते: सुरू करायची तू, पुसायची तू, प्लग साफ करायचा तू, चालवायची अठरा पूर्ण झाल्यावर, परवाना आणि हेल्मेटसह. आधी सांगितल्यामुळे मुलगा रुसला, पण फसवला गेल्याची भावना त्याला आली नाही. तोवर मागच्या सीटवर तो बसतो, हेल्मेट घालून. तृतीय पक्ष विमा आणि पीयूसीची तारीख लक्षात ठेवण्याचे काम त्याच्याकडेच आहे.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर येत्या सुट्टीत गोणपाट काढा. पाना नंतर शोधा. आधी आरसी पुस्तक शोधा, आणि बहिणींना फोन करा.