अग्निबाणाचा मागोवा

अवजड अग्निबाण झेपावला की आपली दृष्टी त्याच्या ज्वाळेवर खिळते. त्याचा खरा माग घेते ते रडार. अग्निबाणावर आदळून रेडिओलहरी परततात. त्यांना लागलेल्या वेळावरून अंतर कळते. शिवाय अग्निबाण स्वतःच आपल्या अंतरंगाची खबर सतत धाडीत असतो. श्रीहरिकोट्याच्या क्षितिजाआड तो गेला, की पोर्ट ब्लेअरचे केंद्र हे काम हाती घेते.

हा पाठलाग केवळ कुतूहलाचा नव्हे! २५ डिसेंबर २०१० रोजी ‘जीसॅट-५पी’ हा संदेशवहन उपग्रह घेऊन निघालेला जीएसएलव्ही सुमारे ४७ सेकंदांनी भरकटू लागला. असे धूड वस्तीवर कोसळले तर? पडद्यावर मार्ग ढळताना पाहून सुरक्षा अधिकाऱ्याने ६४व्या सेकंदाला त्याच्या नाशाची आज्ञा दिली आणि अवशेष बंगालच्या उपसागरात पडले. वर्षानुवर्षांच्या श्रमांवर स्वहस्ते असा घाव घालणे सोपे नसावे.

पुढे चौकशीत उलगडा झाला : खालच्या टप्प्यास आज्ञा पोहोचविणाऱ्या तारांच्या जोडण्याच उड्डाणात निखळल्या होत्या. ५ जानेवारी २०१४ रोजी मात्र जीएसएलव्हीने ‘जीसॅट-१४’ सुमारे १७ मिनिटांत कक्षेत सोडला.