‘लेणे’: एका शब्दाची वाटचाल

दादर-गिरगावचा मराठी भाषक ‘घारापुरीची लेणी’, ‘कान्हेरीची लेणी’ असे म्हणतो. ‘गुहा’ हा शब्द तो वाघाच्या किंवा नैसर्गिक विवराच्या संदर्भात योजतो. हा भेद मराठीने जपलेला एक जुना ठेवा आहे.

‘लेणे’ म्हणजे दागिना. डोंगराचे अलंकार म्हणून ही लेणी, अशी उपपत्ती पुष्कळदा सांगितली जाते. ती ग्राह्य नाही. दागिनावाचक शब्द ‘लेणे’ म्हणजे अंगावर घालणे या क्रियापदाशी निगडित आहे. शैलगृहवाचक ‘लेणे’ मात्र संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’ या क्रमाने आले. ‘अय’चा ‘ए’ होणे हे ‘त्रयोदश–तेरा’ यातही दिसते. उच्चार एक झाला, कुळे दोन राहिली.

‘लयन’च्या मुळाशी ‘ली’ हा धातू आहे. टेकणे, विसावणे, दडणे हे त्याचे अर्थ. म्हणून लेण म्हणजे विसाव्याचे स्थान. पाली विनयपिटकात भिक्षूंना अनुज्ञा दिलेल्या पाच लेणांत ‘विहार’ आणि ‘प्रासाद’ यांच्याबरोबर ‘गुहा’ही येते. म्हणजे तेथे लेण ही जाती आणि गुहा हा तिचा केवळ एक प्रकार. नाशिक येथील उषवदाताच्या लेखात आणि कान्हेरीच्या लेखांत ‘लेण’ व पाण्याची ‘पोढी’ यांचे दान एकत्र नोंदलेले आढळते. निवास म्हटला की पाणी हवेच. कार्ले येथील चैत्याला मात्र तेथील लेखात ‘सेलघर’ म्हटले आहे. ओडिशातील उदयगिरीच्या जैन लेखांत आणि श्रीलंकेतील ब्राह्मी लेखांतही ‘लेण’ भेटतो. शब्दाचा प्रसार एका धर्मापुरता किंवा एका प्रदेशापुरता नव्हता.

युरोपातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. ‘लपविणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ‘क्रिप्टे’, लॅटिन ‘क्रिप्टा’, इटालियन ‘ग्रोत्ता’ आणि त्यातून फ्रेंच ‘ग्रोत’, इंग्रजी ‘ग्रॉटो’ हे शब्द आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये नीरोच्या गाडल्या गेलेल्या प्रासादाची दालने सापडली. त्यांनाही ‘ग्रोत्ता’ म्हटले गेले आणि तेथील चित्रशैलीवरून ‘ग्रोटेस्क’ ही संज्ञा रूढ झाली. आपली ‘गुहा’ही ‘गुह्’ म्हणजे लपविणे या धातूची. ग्रीक क्रिप्टे आणि संस्कृत गुहा यांचे धातू भिन्न, अर्थबीज एकच.

मराठीत पुढे अर्थविस्तार झाला आणि घारापुरीचे शिवमंदिरही ‘लेणे’ ठरले. अलंकाराची उपपत्ती स्वीकारली की शब्दातील निवासाचा अर्थ पुसला जातो, आणि त्याबरोबर तेथे राहणारा भिक्षू व पोढी खोदविणारा दाताही दृष्टीआड होतो. लेण्यांतील कोरीव लेख वाचताना म्हणूनच ही व्युत्पत्ती ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.