ओळीओळीने मजकुराची फेरमांडणी

ग्रंथालयाच्या सूचीसारखी माहिती पुष्कळदा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवलेली असते, म्हणजे तिच्यात रंग, ठळकपणा वा तक्ते नसतात, केवळ अक्षरे आणि ओळ संपल्याची खूण असते. अशा हजारो ओळींत दिनांक दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिलेला असेल आणि नव्या प्रणालीला तो उलट क्रमाने हवा असेल, तर हाताने केलेली दुरुस्ती वेळ तर खातेच, शिवाय तिच्यातून नव्या चुका शिरतात.

या कामाची साधने अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1970च्या दशकात युनिक्स प्रणालीबरोबर घडली. ली मॅकमहोन यांचा 'सेड' हा संपादक एकेक ओळ वाचतो, ती रेग्युलर एक्स्प्रेशनशी, म्हणजे मजकुराच्या ठेवणीच्या सांकेतिक वर्णनाशी, ताडतो आणि बदललेली ओळ पुढे सोडतो. वेगळी आज्ञा दिली नाही तर मूळ फाइलला तो हात लावत नाही, आणि हे सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचे मोठेच वैशिष्ट्य मानले पाहिजे. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी 1977 मध्ये रचलेली 'ऑक' ही भाषा प्रत्येक ओळीचे रकाने पाडते, त्यामुळे रकान्यांची अदलाबदल किंवा बेरीज एका ओळीच्या आज्ञेत साधते. डग्लस मॅकइलरॉय यांच्या कल्पनेतून आलेल्या 'पाइप'मुळे एका साधनाचे फलित थेट दुसऱ्याच्या हाती जाते आणि छोट्या साधनांतून मोठे काम उभे राहते.

मराठी मजकुरात मात्र खरी कसोटी लागते. 'क्षि' हे वाचकाला एक अक्षर दिसत असले, तरी युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशा 4 संकेतांचे बनते आणि यूटीएफ-8 या साठवणपद्धतीत प्रत्येकी 3 प्रमाणे 12 बाइट व्यापते. ऑकची मूळ आवृत्ती पूर्वी बाइटच मोजत असे. कर्निहॅन यांनी 2022 मध्ये, वयाची 80 वर्षे उलटल्यावर, तिला युनिकोडचे ज्ञान दिले, तरीही ती 'क्षि'ची लांबी 4 सांगते. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत 2023 मध्ये आला, पण जुन्या साधनांची मोजणी त्यावर चालत नाही. म्हणून मराठी याद्यांचे रकाने अक्षरसंख्येवर न आखता टॅबसारख्या विभाजक चिन्हाने वेगळे करणेच अधिक खात्रीचे ठरते.