काळी एक की पांढरी पाच?



आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड मागे टाकून नातेपुत्याला मुक्कामाला येते. त्या संध्याकाळी गावात उभे राहून जरा कान द्या. इकडे एका दिंडीचा अभंग उंच सुरात चाललेला असतो, पलीकडे दुसऱ्या दिंडीत तोच अभंग, त्याच चालीत, पण खालच्या सुरात. सूर वेगळे, तरी चाल एकच, आणि तुम्ही ती लागलीच ओळखता. असे कसे होते? इंग्रजी बाजाची मंडळी ज्याला मेजर, मायनर आणि की सिग्नेचर म्हणतात, ती सारी विद्या या एका प्रश्नात दडलेली आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला खेड्यात याचा काय उपयोग? उपयोग आहे. सकाळी शाळेत राष्ट्रगीत होते. आपले राष्ट्रगीत खालच्या नीपासून वरच्या सापर्यंत जाते, म्हणजे एका सप्तकाहून थोडे जास्तच. समजा, गुरुजी पांढरी पाचमध्ये पेटी वाजवायला शिकले, आणि तीच पट्टी त्यांच्या बोटांत बसली. आता वरचा सा आला की मुले शिरा ताणून ओरडतात. खालच्या सप्तकात धरावे, तर आरंभालाच सूर घशात बसतो. मग आपण एखाद्या पोराला म्हणतो, ‘तुला गळा नाही रे, तू नुसते ओठ हलव.’ तेवढ्या एका वाक्याने ते पोर जन्मभर गाणे सोडते. खोट पट्टीत होती, आणि शिक्षा झाली गळ्याला.

तेव्हा पेटी समोर घ्या. एका सप्तकात पट्ट्या बारा: सात पांढऱ्या, पाच काळ्या. डावीकडून दोन काळ्यांच्या जोडीआधीची पांढरी ती पांढरी एक; इंग्रजीत तिला सी म्हणतात. जोडीतली पहिली ती काळी एक. लगतच्या पट्टीवर गेलात तर अर्धे पाऊल झाले. मधली एक पट्टी सोडून गेलात तर पूर्ण पाऊल. लक्षात ठेवा, पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नाही. तशीच सात आणि वरच्या एकमध्येही नाही. तिथे पांढऱ्याला लागून पांढरी असली तरी अंतर अर्ध्याच पावलाचे.

आता पांढरी एकला सा माना आणि नुसत्या पांढऱ्या वाजवत वर जा. सा रे ग म प ध नी सा. पावले मोजा: पूर्ण, पूर्ण, अर्धे, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धे. याच क्रमाला पाश्चात्त्य संगीतात मेजर स्केल म्हणतात. आपल्याकडे हाच बिलावल थाट. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत वाटणी केली आणि आपला मोठा ग्रंथ मराठीतच लिहिला. त्यांनी शुद्ध सुरांचा म्हणून जो थाट धरला तो हा बिलावल. म्हणजे मेजर स्केल ही काही परक्या घरची पाहुणी नव्हे.

पण तोच क्रम पांढरी पाचपासून लावून पाहा. पाच, सहा, सात, मग वरची एक, दोन, तीन. इथवर ठीक. शेवटी नी हवा, आणि तो तीनपासून पूर्ण पावलावर हवा. पांढरी चार तर अर्ध्याच पावलावर आहे! म्हणून तिला सोडून काळी तीन घ्यावी लागते. सहा पांढऱ्या आणि एक काळी, असा हिशेब झाला. पांढरी दोनला सा केला तर दोन काळ्या लागतात, काळी तीन आणि काळी एक. पांढरी सहाला तीन, पांढरी तीनला चार, पांढरी सातला पाच. या यादीत एक गंमत आहे. दर वेळी आधीच्या पट्टीचा प हा नवा सा झाला, आणि दर वेळी एकच काळी वाढली.

की सिग्नेचर ती हीच. बँडवाले किंवा व्हायोलिनवाले कागदावर सूर लिहितात, तेव्हा पाच रेघांच्या आरंभीच ते खुणा घालून ठेवतात. सूर अर्ध्या पावलाने चढवायचा असेल तर शार्पची खूण, उतरवायचा असेल तर फ्लॅटची. एक शार्प दिसला की वाजवणाऱ्याने समजावे, गाणे मेजरमध्ये असेल तर सा पांढरी पाचवर. पांढरी चारला सा केला तर म साठी काळी पाच लागते. ती पांढरी सातला उतरवून मिळते, म्हणून तिथे एक फ्लॅट. शेताच्या बांधावरच्या दगडासारखी ही खूण आहे. हद्द एकदा सांगितली की पावलोपावली पुन्हा सांगायला नको.

आता मायनर. पुन्हा नुसत्या पांढऱ्याच वाजवा, पण या वेळी सा धरा पांढरी सहावर. पावले पडतात पूर्ण, अर्धे, पूर्ण, पूर्ण, अर्धे, पूर्ण, पूर्ण. ग, ध आणि नी कोमल झाले. आपण याला आसावरी थाट म्हणतो, ते म्हणतात नैसर्गिक मायनर. पट्ट्या त्याच, फक्त घर बदलले. म्हणून कागदावर दोघांची खूणही एकच असते. गाणे मेजर की मायनर, हे खुणेवरून कळत नाही. ते कोणत्या सुरावर येऊन विसावते त्यावरून कळते.

मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, असे सरसकट सांगितले जाते. ते आपल्या कानाला पुरते पटत नाही. भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. तरी मैफलीच्या अखेरीस भैरवी झाली की मन तृप्त होऊन माणूस घरी जातो. आणखी एक सावधगिरी. थाट म्हणजे राग नव्हे. थाट ही सुरांची शिधासामग्री. राग हा तिच्यातून केलेला स्वयंपाक.

पेटीला एक मर्यादाही आहे. तिचे बारा सूर ठरीव, समान अंतरांचे; मींड तिच्यातून निघत नाही. याच कारणासाठी १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती १९७१ पासून सैल होऊ लागली. पण नव्या माणसाला पट्टी समजावून द्यायला पेटीसारखी गुरू नाही, कारण तिच्यात अंतर डोळ्यांना दिसते.

शेवटी, उद्यापासून करण्याजोगे दोन शब्द. शिक्षकांनो, गाणे सुरू करण्याआधी त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर शोधा. दोन्ही मुलांकडून सहज म्हणवून घ्या, आणि मगच सा ठरवा. राष्ट्रगीताला मधल्या सप्तकातली पांढरी एक ते पांढरी दोन बहुतेक लहान मुलांना झेपते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना टोचून बोलू नका, खालच्या सप्तकात गाऊ द्या. भजनी मंडळांनीही पट्टी मुख्य गायकाच्या गळ्यावरून ठरवावी. मात्र ती आयत्या वेळी बदलू नये, कारण पखवाजवाल्याला गट्टे ठोकून पुन्हा सुरात यावे लागते. काळी एकमध्ये बिलावल वाजवायला पाच काळ्या आणि दोनच पांढऱ्या लागतात. आठ दिवस रोज थोडा वेळ बोटे फिरवलीत तर तीही अवघड नाही.

आणि कोपऱ्यात ओठ मिटून उभे असलेले ते पोर असेल ना, त्याला एकदा सा खाली आणून गायला सांगा. पाहा, त्याचा सूर लागतो की नाही ते.