जुनी नोट सापडली तर...

शहादा तालुक्यातलं आमचं पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचं गाव. इथं अजून एखाद्या आजीच्या लुगड्याच्या घडीत जुनी नोट निघते आणि मला विचारणा होते, "भाऊ, बदलून मिळेल का?"

श्रोतेहो, मी आधी नोट पाहतो. हजाराची किंवा जुनी पाचशेची असेल, तर आता इलाज नाही. ती 8 नोव्हेंबर 2016 च्या मध्यरात्री बाद झाली. बँकेत भरायची मुदत 30 डिसेंबरला संपली. त्यातच 14 नोव्हेंबरपासून जिल्हा सहकारी बँकांना या नोटा घ्यायला मनाई झाली. शेतकऱ्याचं खातं नेमकं तिथंच! खेड्यांना खरा फटका तो बसला, असं मला वाटतं. अशा नोटा आठवण म्हणून एकूण दहापर्यंतच ठेवता येतात.

दोन हजाराची असेल, तर घाबरू नका. 19 मे 2023 ला ती मागे घेतली, बाद केली नाही. गावच्या बँकेत आता ती घेत नाहीत; रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर, नागपूर इथल्या कचेऱ्या घेतात. एका नोटेपायी एवढा प्रवास कोण करणार? टपालानं पाठवली तरी रक्कम आपल्या खात्यात जमा होते. कमिशनवर बदलून देणारा कुणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.